रेघ की रान? राजगड–तोरणा धारेवरचा एक वाद

राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की एक डोंगरधार खालीवर होत तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडलेली दिसते. एका अंगाला गुंजवणी-कानंदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला वेळवंडीचं खोरं आणि भाटघरचा जलाशय. साधारण बारा-तेरा किलोमीटरची ही चाल पुण्यामुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या चांगल्या ओळखीची आहे. तरीही “वाट कशी आहे?” या प्रश्नाला तिथे बारमाही लागू पडेल असं उत्तर नाही. ऑक्टोबरात गवतात बुडालेली वाट मार्चमध्ये मुरमाचा घसारा झालेली असते. जूनच्या धुक्यात तर पुढचा माणूस दिसला तरी पुरे, अशी गत होते.

या धारेवर जाणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं असं, की वाट एकदा नीट आखा, खुणा करा, अवघड जागी लोखंड लावा, म्हणजे कोणी चुकणार नाही. दुसरा म्हणतो, रान दर महिन्याला बदलतं, तेव्हा ते वाचायला शिका, आखलेली वाट माणसाला आंधळं करते. दोन्ही बाजू मी इथे दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. ताई पुण्याहून गट घेऊन येतात आणि गटातल्या शेवटच्या माणसाची जबाबदारी त्यांच्यावर असते. मामा राजगडाच्या पायथ्याच्या गावातले. लहानपणी या धारेवर गुरं राखली, आता वाटाड्या म्हणून जातात. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

ताई : मामा, दिवाळी झाली की रविवारी गट आणतेय. अठरा जण आहेत. वाट माझ्या फोनमध्ये आहे, मी स्वतः चालून रेकॉर्ड केलेली. तुम्ही एवढंच सांगा, वाट चांगली आहे ना?

मामा : रेकॉर्ड केली तो महिना कोणता?

ताई : फेब्रुवारी.

मामा : मग तुमच्याकडे फेब्रुवारीची वाट आहे. तेव्हा गवत कापून झालेलं असतं, गुरांनी चरलेलं असतं, पाऊलवाट लांबून पांढरी दिसते. आता या घडीला संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून खाली उतरलात की गवत छातीला लागतंय. दगड कुठे, खड्डा कुठे, वाटेची कड कुठे, काही दिसत नाही. अजून पंधरा दिवसांनी ते पिवळं पडून उताराच्या बाजूला आडवं होईल. त्याच्यावर बूट ठेवला की सरकलाच. लोक पावसाळ्यातल्या शेवाळाला घाबरतात, वाळल्या गवताला कोणी घाबरत नाही.

ताई : गवत आहे, मान्य. पण वाटेची जागा तर बदलत नाही. फोनवरच्या रेघेवर राहिलं की गवताखाली वाट असणारच.

मामा : रेघ धरून बरोबर चाललेला गट मी परत वर आणलाय, ताई. फोनच्या हिशोबाने माणसं वाटेवरच होती. खरी वाट त्यांच्या डोक्यावरच्या पदरातून जात होती.

ताई : ते होऊ शकतं, आणि त्याचं कारण मी तुम्हाला सांगते. फोनची जागा मोकळ्या मैदानात पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते. कड्याला बिलगून चालताना अर्धं आभाळ झाकलेलं असतं, उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून येतो, मग ही चूक आणखी वाढते. आणि आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. घट्ट थर असतो तिथे उभा कडा राहतो, भुसभुशीत थर झिजून तिरका उतार होतो, आपण त्याला पदर म्हणतो. नकाशावर दोन पदरांमध्ये दहा मीटरचं अंतर दिसतं, प्रत्यक्षात मध्ये सरळसोट कडा असतो. दुसरीकडे कुठे दहा मीटरची चूक चालून जाईल, इथे ती माणसाला एक मजला खाली नेते.

मामा : मग हे माहीत असूनही रेघेचा भरवसा?

ताई : रेघेशिवाय मी काय करू? तुम्हाला ही धार पाठ आहे. माझ्याबरोबरच्या अठरा जणांतले दहा जण पहिल्यांदा येणार आहेत. रेघेमुळे निदान एवढं कळतं की आपण धारेपासून लांब भरकटतोय. चुकीची जाणीव अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत होते. हा फायदा तुम्ही नाकारू नका.

मामा : तो नाकारत नाही. भरकटलो हे फोन सांगतो, खरं आहे. पण का भरकटलो ते सांगत नाही. धारेवर माणूस चढताना फारसा चुकत नाही, उतरताना चुकतो. चढताना सगळ्या सोंडा वर येऊन एकाच धारेला मिळतात, कुठूनही चढा, माथ्यावरच याल. उतरताना उलटं होतं. तीच धार फुटत जाते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. धुकं असलं, गवत असलं, की जी सोंड रुंद आणि सोपी दिसते तिच्यावर पाय आपोआप वळतात. आळू दरवाजापासून वाटेतल्या खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत उतार जास्त, म्हणून चुकायच्या जागाही त्याच पट्ट्यात जास्त.

ताई : म्हणजे उतार लागला की थांबून दिशा बघायची.

मामा : टेपाडाच्या माथ्यावर थांबायचं. उतरायला सुरुवात करण्याआधी पुढचं टेपाड कोणतं, त्याच्या आणि आपल्या मधली खिंड कुठे, हे उघड्या डोळ्यांनी बघायचं. दिसत नसेल तर धुकं हलेपर्यंत बसायचं. धुकं सारखं एकसारखं नसतं, घटकाभरात फट पडते. लोकांना तेवढीही फुरसत नसते.

ताई : आणि टेपाडाला वळसा घालताना? तिथे दोन्ही बाजूंनी वाटा फुटलेल्या असतात. माझ्या गटाचे सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात, धारेवरून जायचं की पदरातून.

मामा : तिथल्या निम्म्या वाटा ढोरवाटा. त्या ओळखायच्या खुणा सांगतो. ढोरवाट चढउतार टाळते. एकाच उतारावर चार-पाच समांतर पट्टे दिसले, जेमतेम फूट-दोन फूट अंतराचे, तर ते गुरांचे. ती वाट चाऱ्याकडे नाहीतर पाणवठ्याकडे जाते आणि तिथेच संपते. माणसाची वाट कुठल्या तरी खिंडीच्या रोखाने जाते, मध्ये चढ आला तर चढते. दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, वळणावर पायरीसारखी जागा झालेली असते, कारवीत शिरली तर दोन्ही बाजूंच्या काठ्या मोडलेल्या दिसतात.

ताई : काठ्या मोडलेल्या दिसतात आणि वर खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटंही दिसतात. माणसाची ती खूण मात्र नको होती.

मामा : ती खूण तर आता सगळ्यात ठळक झालीय. तर धार की पदर, याला माझं उत्तर असं. शंका असली तर धार. धारेवरून दोन्ही खोरी दिसतात, चुकलो तर कळतं. पदरातली वाट सावलीची असते, दम लागत नाही, पण पाण्याने एखादी घळ तोडून नेलेली असली की तिथे अडकायला होतं. मग माणूस मागे फिरायला तयार नसतो. म्हणतो, खाली गाव दिसतंय, या नाळेतून उतरू.

ताई : हे मी प्रत्येक गटाला बजावते, नाळेत शिरायचं नाही. आपल्या डोंगरात ओढ्याच्या मागे गेलं की गाव लागण्याआधी कोरडा धबधबा लागतो. थर आला की ओढा सरळ उडी मारतो. वरचा एक टप्पा कसाबसा उतरतात, खालचा उतरता येत नाही, आणि वरचा परत चढताही येत नाही. मग मदतीचा फोन. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारखी व्यवस्था उभी आहे म्हणून ठीक. स्वयंसेवक आपली कामं टाकून रात्री दोर घेऊन येतात. पण दोर घेऊन यायलाही कित्येक तास लागतात.

मामा : आणि त्यांच्या पुढे वाट दाखवायला गावातलीच पोरं असतात.

ताई : म्हणूनच मामा, मी खुणांचा आग्रह धरते. तुम्ही सांगितलेलं सगळं शहाणपण खरं आहे, पण ते तुमच्याबरोबर चालणाऱ्यालाच मिळतं. शनिवार-रविवारी या धारेवर जे येतात त्यांच्यातले किती जण वाटाड्या घेतात? शिवाय 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. गर्दी वाढणार, आणि ती सगळी काही रान वाचता येणाऱ्यांची असणार नाही. प्रत्येक फाट्यावर एक खूण असली तर काय बिघडलं?

मामा : खुणा नाहीत असं कुठे आहे? पिवळे बाण आहेत, पांढरे आहेत, निळे ठिपके आहेत. एका गटाने उन्हाळ्यात रंग लावला, दुसऱ्याने आपल्या शर्यतीसाठी लावला, तिसऱ्याने आपल्या परतीच्या सोयीसाठी उलट्या दिशेने लावला. पुसायला कोणी परत आला नाही. पाण्याने वाट कापून नेली तरी बाण तसाच. आता सांगा, त्या बाणाच्या मागे गेलेला माणूस रानात चुकला की बाणाने चुकवला?

ताई : तुम्ही सांगताय तो खुणांचा दोष नाही, बेवारस खुणांचा आहे. मी म्हणते त्या खुणेला मालक पाहिजे. कोणी लावली, कधी तपासली, पुढे कधी तपासणार, हे ठरलेलं पाहिजे. शिवाय खुणेचा आणखी एक फायदा आहे, तो तुम्ही बघतच नाही. मळलेल्या वाटेत चिखल झाला की लोक कडेने चालतात, मग तिथे दुसरी वाट पडते. तिच्यात पाणी वाहतं, चर पडतो, मग तिसरी. धारेच्या नाकाडावर काही ठिकाणी एका वाटेच्या सहा झाल्यात, मधलं गवत गेलंय, माती वाहून गेलीय. एकच वाट स्पष्ट दाखवली असती तर डोंगराची कातडी वाचली असती.

मामा : हे तुमचं बोलणं पटलं. वाटा फुटल्याने डोंगर झिजतोय, मी डोळ्यांनी पाहतोय. वणव्यानेही तसंच होतं. गवत जळालं की वाट कशी लख्ख दिसते, लोक खूश होतात. पण गवताची मुळंच माती धरून असतात. पुढच्या पावसात ती माती खाली जाते आणि मागे राहतो नुसता मुरूम. मग म्हणतात, यंदा घसारा फार वाढला.

ताई : म्हणजे खुणांना तुमची हरकत नाही?

मामा : गडाच्या अंगावर आहे. तटावर, बुरुजावर, पायरीवर रंगाचा एक ठिपकासुद्धा नको. संजीवनी माचीची ती दुहेरी तटबंदी, आळू दरवाजा, हे काय दिशादर्शक फळे आहेत? राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. रंग लावणं हा गुन्हाच आहे. आणि धारेवर खूण हवीच असली तर फक्त जिथे सोंड फुटते तिथे. शंभर पावलांवर बाण असला की माणूस मान वर करत नाही, बाण शोधत चालतो. एक बाण दिसला नाही की घाबरतो.

ताई : गडाच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. धारेवरचं मात्र माझं मत वेगळं आहे, धुक्यात शंभर पावलांवरची खूणच जीव वाचवते. ते असू दे. लोखंडाचं काय? बुधल्याखालच्या कातळटप्प्यावर शिडी आहे. ती काढून टाकावी असं म्हणाल?

मामा : नाही म्हणणार. तिथे पाय निसटला तर सावरायला दुसरी जागा नाही. जिथे एका चुकीत माणूस जातो तिथे शिडी असावी. पण एकदा बसवली म्हणजे झालं असं नाही. पाऊस लोखंड खातो, कातळात ठोकलेले खिळे ढिले होतात. दर पावसाळ्यानंतर कोणीतरी जाऊन ती हलवून बघायला पाहिजे. आम्ही पहिला माणूस चढवतो तो मोकळ्या हाताने, शिडीवर पूर्ण भार न देता, तो वर गेला की मग बाकीचे, एका वेळी एकच.

ताई : आणि ढग गडगडायला लागले की लोखंडाला हात नाही. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. धारेवर सगळ्यात उंच आपणच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून उतरणीला लागायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गटाने विखरून बसायचं.

मामा : आमच्याकडे सेकंद मोजत नाहीत, पण मे महिन्यात दुपारी गुरं धारेवर ठेवत नाहीत. गोष्ट तीच.

ताई : तुम्ही रानाचं म्हणता, मी वेळेचं म्हणते. माझ्या मते वाट निवडायचा खरा आधार घड्याळ आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला. सपाटीला ताशी 5 किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला 1 तास जास्त. त्या हिशोबाने ही धार अडीच तासांची, वर चढासाठी दीड-दोन तास धरा. म्हणजे चार-साडेचार तास. पण मी गटासाठी सहा ते आठ धरते.

मामा : मग त्या साहेबाचा हिशोब चुकला म्हणायचा?

ताई : चुकला नाही. तो चांगल्या वाटेवर चालणाऱ्या धडधाकट माणसाचा होता. वाढलेले दोन ते चार तास म्हणजेच वाटेची अवस्था. घसाऱ्यावर एकेक जण उतरवायचा, वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागू नये म्हणून अंतर ठेवायचं, शिडीवर एकामागे एक. अठरा जणांना प्रत्येकी दोन मिनिटं लागली तरी एका शिडीवर छत्तीस मिनिटं गेली. गटाचा वेग सगळ्यात पुढच्यावर ठरत नाही, सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो.

मामा : हे मात्र मोलाचं बोललात. मला वाटायचं, शहरातली माणसं हळू चालतात म्हणून उशीर होतो.

ताई : आता दिशेचं सांगा. राजगडावरून तोरणा की तोरण्यावरून राजगड? तोरण्यावरून निघालं तर अवघड घसारा सकाळी, पाय ताजे असताना होऊन जातो. पुढे संजीवनी माचीपर्यंतचा चढ लांब आहे, पण धोक्याचा नाही.

मामा : पण तो घसारा तुम्ही उतरणार. तीच जागा चढताना छातीला येते, हात टेकता येतो, पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. उतरताना नजर सरळ खोऱ्यात जाते, दृष्टिभय वाटणारा माणूस तिथेच बसकण मारतो. नवख्या गटाला मी राजगडावरूनच नेतो. दुपारी ऊन तोंडावर येतं, शेवटचा चढ जीव काढतो, पण तोरण्यावर पोचलं की मेंगाई मंदिराजवळ टाक्याचं पाणी, आणि पुढे बिनी दरवाजातून पायथ्याच्या वेल्ह्याला उतरायची वाट मळलेली, अडचणीच्या जागी कठडे असलेली.

ताई : म्हणजे अनुभवी गट असला तर तोरण्यावरून, नवखा असला तर राजगडावरून.

मामा : आणि गवत छातीला असलं तर कुठूनच नाही. दोन आठवडे थांबा, गावकरी गवत कापतील, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाट मळेल, मग या.

ताई : अठरा जणांनी सुट्ट्या घेतल्यात, गाडी ठरलीय. आता नाही कसं म्हणू?

मामा : सगळ्याला नाही म्हणू नका. गुंजवणे गावातून चोर दरवाजाने राजगड चढा, तिन्ही माच्या, बालेकिल्ला निवांत बघा आणि पाली दरवाजाने उतरा. राजमार्ग आहे, रुंद पायऱ्या आहेत. एका दिवसात पोरं गड बघतील तरी. धारेवर निघालेले गट संजीवनी माचीवरून पळत सुटतात, त्यांना ती तटबंदी कशी बांधली हे बघायला वेळ नसतो.

ताई : आणि धार करायचीच ठरवली तर?

मामा : तर तीन जागा ध्यानात ठेवा. पहिली आळू दरवाजा. तिथे गवत बघायचं, ढग बघायचे, गटातल्या सगळ्यात दमलेल्याचा चेहरा बघायचा. काही खटकलं तर तिथूनच मागे फिरून पाली दरवाजाने उतरता येतं. दुसरी खिंडीतला डांबरी रस्ता. तिथून वेल्ह्याच्या बाजूला उतरता येतं, भुतोंड्याच्या बाजूला उतरता येतं, गाडी बोलावता येते. तिसरी बुधल्याचा पायथा, पण तिथे पोचल्यावर निवड उरलेली नसते. मागे जायचं तर तेवढंच लांब, पुढे जायचं तर शिडी. म्हणून खरी निवड खिंडीतच.

ताई : म्हणजे खिंडीची वेळ ठरवायची. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. वेल्ह्यात सहाच्या आत पोचायचं तर तोरण्याच्या मंदिराशी चारला हवं, बुधल्यावर तीनला. खिंडीतून बुधल्याला आमच्या गटाला तीन तास लागतात. म्हणजे दुपारी बारा. बाराच्या आत सगळा गट, शेवटच्या माणसासह, डांबरी रस्त्यावर पाहिजे. नसला तर तिथून गाडीने परत, मग बुधला कितीही जवळ दिसो.

मामा : आणि पाणी. खिंडीत प्रत्येकाच्या बाटलीत दीड लिटर तरी उरलेलं हवं. वाटेत धनगरवाड्याचं घर लागतं, ती माणसं नाही म्हणत नाहीत, पण उन्हाळ्यात त्यांनाच लांबून पाणी आणावं लागतं. अठरा जणांनी त्यांच्या हंड्यावर अवलंबून राहायचं नसतं.

ताई : मामा, तुम्ही सांगितलेल्या तीन जागा आणि माझी बाराची वेळ, एवढं जरी पायथ्याच्या गावात लिहिलेलं असलं, तारीख घालून, तर? “आज अमुक तारीख. आळू दरवाजाखाली गवत छातीपर्यंत. दुसऱ्या टेपाडाची पदरातली वाट तुटली, धारेवरून जा. शिडी तपासली. धारेवर पाणी नाही.” दर आठवड्याला एकाने बदलायचं. त्यासाठी गावातल्या माणसाला रीतसर मोबदला मिळाला पाहिजे, आमच्यासारख्या गट आणणाऱ्यांनी तो द्यावा.

मामा : तारीख असली तर मी मानतो. जुनी झाली की वाचणाऱ्याला तरी कळेल जुनी आहे. बाणाला तारीख नसते, तोच माझा राग आहे. पण एक अट. त्या फळ्यावर वाट काढून दाखवायची नाही. रान कसं आहे ते सांगायचं, जायचं की नाही ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

ताई : मी वाटही काढीन. सगळे तुमच्यासारखे ठरवू शकत नाहीत.

मामा : काढा. मग तुमच्या रेघेच्या भरवशावर जे जातील त्यांना खिंडीत बारा वाजता मागे फिरवायला तुम्हीच उभ्या राहा.

रेघेवरून दोघांचं जमलं नाही, आणि ते इथे ओढूनताणून जमवायचं नाही. मला मात्र या वादातून एक गोष्ट लख्ख दिसते. धारेवर आपण वाट निवडतो असं म्हणतो तेव्हा खरं तर परत फिरायच्या जागा निवडत असतो. सोपी वाट, अवघड वाट, धार, पदर, शिडी ही सगळी चर्चा त्यानंतरची. ज्या गटाला निघण्याआधीच माहीत आहे की आळू दरवाजापाशी आपण काय बघणार आणि खिंडीत किती वाजल्यावर मागे फिरणार, त्या गटाने वाट निवडलेली आहे. ज्याला फक्त तोरण्याचं टोक दिसतंय त्याच्या हातात कितीही अचूक रेघ असली तरी त्याने अजून काहीच निवडलेलं नाही.

म्हणून दोन मागण्या मी या लेखातून उघडपणे करतो. धारेवर आणखी लोखंड आणि आणखी रंग चढवण्याआधी पायथ्याच्या गावांत वाटेच्या अवस्थेचा ताजा, तारखेचा फळा उभा राहू द्या आणि तो लिहिणाऱ्या गावकऱ्याला त्याच्या जाणतेपणाचा मोबदला द्या. आणि गट नेणाऱ्या प्रत्येकाने परतीची वेळ निघण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावी. आधी सांगितलेली वेळ पाळणं सोपं जातं. दमलेल्या, उत्साही, पैसे भरून आलेल्या माणसांसमोर ती खिंडीत उभं राहून ठरवणं फार कठीण असतं, आणि डोंगरात कित्येक अपघातांची सुरुवात त्या कठीण क्षणी कोणीतरी “चला, होईल” म्हटल्याने होते.